कांबीचे शेपूट

वाचकहो, उतार लागला की गाडीवान कासरा आवळतो. अणुभट्टीचा कासरा म्हणजे तिच्यातील नियंत्रक कांबी. त्यांतील कॅडमियम किंवा बोरॉन न्यूट्रॉन गिळते आणि भट्टी मंदावते.

दि. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकसज्जाखाली, ग्राफाइटच्या विटा नि युरेनियम रचून एन्रिको फर्मी यांनी जगातील पहिली मानवनिर्मित अणुभट्टी चालविली. शेवटची कांब थोडी थोडी ओढली जाई आणि प्रत्येक वेळी फर्मी गणकपट्टीवर आकडा ताडून पाहत. आधी हिशेब, मग हात, ही त्यांची शिस्त.

पुढे हा हिशेब यंत्राकडे गेला. पत्त्यांचा डाव मांडता मांडता १९४६ मध्ये उलाम यांना एक युक्ती सुचली. फॉन नॉयमन यांनी ती उचलली आणि १९४८ साली एनिअॅक या संगणकावर ती चालली. एकेक न्यूट्रॉन घ्यायचा आणि फासे टाकीत त्याची वाटचाल पाहायची. पण वाटेत काय लागले, हे यंत्राला कसे कळावे? त्याला भूमितीच सांगावी लागते: ही वृत्तचिती, इथवर बोरॉन, इथून ग्राफाइट, सभोवती पाणी.

ही भूमिती किती नेमकी हवी, ते चेर्नोबिलने दाखविले. तेथील बहुतेक कांबींना खाली सुमारे ४.५ मीटरचे ग्राफाइटचे शेपूट होते. कांब पूर्ण वर ओढली की शेपटाखाली सव्वा मीटर पाणी उरे. पाणी काही न्यूट्रॉन गिळते. ग्राफाइट फारच थोडे. दि. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री भट्टी बंद करण्याचे बटण दाबले गेले, तेव्हा जवळजवळ सर्व कांबी वर होत्या. त्या उतरू लागल्या, शेपटाने तळाचे पाणी हटविले, आणि मंदावण्याऐवजी तळाशी भट्टी भडकली. कासरा ओढावा आणि बैल उधळावेत, तसे झाले!

कांब म्हणजे नुसते बोरॉन, असे चित्र काढले तर हा धोका हिशेबात दिसतच नाही. दुःखाची गोष्ट ही की, लिथुएनियातील इग्नालिना येथे १९८३ मध्येच तो दिसला होता. पण भट्टी चालविणाऱ्यांना त्याची पुरेशी जाणीव दिली गेली नाही. अपघातानंतर मात्र कांबींची रचना बदलण्यात आली.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात मूल आकृतीचे एखादे टोक सोडून देते, तेव्हा ‘चालेल’ म्हणण्यापूर्वी हे शेपूट आठवावे.