निवारा आणि आरोग्य : मुंबईचा धडा



आपल्या बागच्या लेण्यांतील भित्तिचित्रांचे आपण कौतुक करतो. पण ती लेणी मुळात विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने होती, हे विसरतो. निवाऱ्याचा हाच प्रश्न मुंबईने कसा हाताळला, ते आज पाहू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांवर ठपका आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रोगट घरे पाडली, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. परंतु आरंभी बांधण्यापेक्षा पाडण्याचाच वेग अधिक होता. बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. गर्दी हटली नाही, केवळ सरकली. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे सरकारी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतही कुटुंबाला एकच खोली.

पुढे १९८१ मध्ये पदपथांवरील झोपड्या हटविण्याचे ठरले. ओल्गा टेलिस प्रभृतींच्या याचिकांवर १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला; मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याची मुभा कायम ठेवली.

तात्पर्य एवढेच : घर पाडल्याने रोग जात नाही. औषध देऊन रोग्याला पुन्हा पदपथावर धाडले, तर तो उपचार अर्धाच राहतो.