अंमलदार आणि मामलेदार : गोगोलच्या नाटकाची आपल्याकडली एक बाजू

पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ (१९५२) हे नाटक निकोलाय गोगोल या रशियन लेखकाच्या ‘रेविझोर’वरून घेतलेले आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. रेविझोर म्हणजे तपासणीला येणारा सरकारी माणूस. पुलंनी त्याचा अंमलदार केला. मराठीत अंमल सत्तेचा असतो, तसा नशेचाही चढतो. हा दुहेरी अर्थ मूळ रशियन शीर्षकात नाही, आणि मला तो नाटकाच्या गाभ्याजवळचा वाटतो.

गोगोलचा जन्म १८०९ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या पोल्तावा भागातला. विशी गाठण्यापूर्वीच तो पीटर्सबर्गला गेला. स्वतःच्या खर्चाने काव्य छापले, त्यावर टीका झाली, तेव्हा दुकानांतून प्रती परत आणून जाळल्या. मग पोटासाठी सरकारी कचेरीत कारकुनी. ती फार दिवस टिकली नाही, पण आयुष्यभर पुरेल एवढे पाहून झाले. रशियात नोकरशाहीच्या चौदा पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवरच्या माणसाने वरच्यापुढे किती वाकायचे हे ठरलेले असे. ‘ओव्हरकोट’ या कथेतला नकला उतरवणारा कारकून याच कचेरीतला.

‘रेविझोर’ची गोष्ट अशी. एका आडगावच्या नगरप्रमुखाला कळते की राजधानीहून तपासनीस गुप्तपणे येतो आहे. गावात न्यायालयाच्या दालनात पाळीव हंस फिरतात, न्यायाधीश शिकारी कुत्र्याची पिले लाच म्हणून घेतो. सगळ्यांचे धाबे दणाणते. खानावळीत बिल थकवून बसलेला ख्लेस्ताकोव्ह नावाचा पोरगेला माणूस हाच तो साहेब, असे ते ठरवून टाकतात. तो आहे चौदाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा कारकून.

आपल्याकडे या नाटकाला ‘तोतया अधिकाऱ्याचे नाटक’ म्हणतात, ते मला पटत नाही. ख्लेस्ताकोव्ह सोंग घ्यायला आलेलाच नाही. त्याला साहेब गाव करतो, आणि मग त्याला अंमल चढतो. आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या गल्लीत ‘साहेब आले’ एवढी कुजबुज झाली की खडखडाट थांबतो. कोणता साहेब, कोणत्या खात्याचा, हे नंतर विचारतात. गोगोलने नेमके तेवढे हेरले.

चौथ्या अंकात एकेक अधिकारी एकट्याने भेटायला येतो. ख्लेस्ताकोव्ह लाच मागत नाही, उसने मागतो. न्यायाधीश तीनशे रूबल देतो, पोस्टमास्तर तीनशे, धर्मादाय संस्थांचा प्रमुख चारशे. देणारा सुटकेचा श्वास टाकतो, कारण आता साहेब बांधला गेला असे त्याला वाटते.

हे वाचताना मला १८८८ चे क्रॉफर्ड प्रकरण आठवते. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो महसूल खात्याचा कमिशनर झाला. बदली, बढतीसाठी मामलेदारांकडून तो मध्यस्थांमार्फत पैसे घेतो, असा आरोप झाला. साक्ष द्याल तर कारवाई नाही, असे अभय सरकारने मामलेदारांना दिले. पुण्यात चौकशी आयोग बसला. निष्कर्ष काय निघाला? लाच शाबीत नाही. मात्र हाताखालच्या मुलुखातल्या लोकांकडून कर्ज काढले, हा दोष. गोगोलचा चौथा अंकच!

क्रॉफर्डला नोकरीतून जावे लागले, पण पेन्शन मिळाले. अडकले ते पैसे देणारे. लाच दिल्याची कबुली देणारी माणसे न्यायदानाचे काम कसे करणार, अशी ओरड विलायतेत झाली आणि अभय मिळालेल्यांपैकी काहींना नोकरीला मुकावे लागले. टिळकांनी १८८९ मध्ये मामलेदारांची बाजू घेऊन पुण्यात सभा घडवली. त्यांचा मुद्दा सचोटीचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता. मामलेदार काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण वरून पिळले गेले की तेही खाली पिळत असणार, आणि शेवटचा पैसा कुळाच्या कनवटीचा. तो ना आयोगापुढे आला, ना गोगोलच्या रंगमंचावर फार वेळ थांबला. नाटकात व्यापारी आणि एक शिपायाची बायको गाऱ्हाणी घेऊन येतात, तीही या खोट्याच साहेबाकडे.

‘रेविझोर’चा पहिला प्रयोग १८३६ साली पीटर्सबर्गला झार पहिला निकोलस याच्या हजेरीत झाला. झार हसला. अधिकारी चिडले, आणि गोगोल त्याच वर्षी देश सोडून गेला. तो बंडखोर नव्हता, झारशाहीवर त्याची श्रद्धाच होती. ‘मृत आत्मे’चा पहिला भाग १८४२ मध्ये आला, दुसऱ्याचे हस्तलिखित त्याने १८५२ च्या फेब्रुवारीत जाळले आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

नाटकात ख्लेस्ताकोव्ह उसने पैसे खिशात घालून घोडागाडीतून निघून जातो. त्याला काहीच होत नाही. खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि मागे उरलेले सगळे दगडासारखे उभे राहतात. ते दीड मिनिट तसेच उभे राहावेत, अशी सूचना गोगोलने लिहून ठेवली आहे. क्रॉफर्ड विलायतेला परतला. तिथे त्याने हिंदुस्थानवर पुस्तके लिहिली. मुंबईतल्या त्याच्या नावाच्या मंडईला पुढे महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले, तरी आमचे व्यापारी आजही क्रॉफर्ड मार्केटलाच जातात.