उसाचा फड, उंदीर आणि गोठ्यातली लघवी

पाऊस लागला की लेप्टोच्या बातम्या येतात आणि आपल्याला वाटतं, हा मुंबईच्या तुंबलेल्या पाण्याचा आजार. मी ऊसही करतो आणि दावणीला जनावरंही आहेत, म्हणून या रोगाचा इतिहास वाचायला घेतला. तो तर फडातून आणि गोठ्यातूनच आलेला दिसतो.

१८८६ साली जर्मनीत अडॉल्फ वाइल या डॉक्टरांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेले रुग्ण नोंदवले. कारण सापडायला जवळपास तीस वर्षं गेली. जपानच्या क्युशू बेटावर कोळसा खाणीतल्या कामगारांत हा रोग फार होता. तिथं १९१५ च्या सुमारास इनाडा आणि इदो यांच्या गटाला मळसूत्रासारखा पिळदार जंतू सापडला. पुढं तोच उंदराच्या मूत्रपिंडात आणि लघवीत दिसला. उंदीर मात्र ठणठणीत!

आता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला चला. १९३३-३४ मध्ये इंगम भागातले ऊसतोड कामगार तापानं पडू लागले, काही दगावले. ओल्या पाचटात उंदरांची लघवी आणि कामगारांच्या हातापायांवर कापल्याच्या जखमा. जंतूला आणखी काय पाहिजे? कामगार म्हणाले, आधी फड पेटवा, मग तोडतो. जळक्या उसाची साखर घटते, म्हणून ऊसवाले आणि कारखाने तयार होईनात. १९३४ मध्ये इंगमला फड पेटवायला परवानगी मिळाली आणि रुग्ण कमी झाले. बाकी भागात नकार आला, तेव्हा १९३५ च्या हंगामात कामगारांनी कित्येक आठवडे कोयता खाली ठेवला. पगारासाठी संप आपण पुष्कळ ऐकलेत, हा उंदराच्या लघवीपायी झालेला संप. (फड पेटवा असं मी म्हणत नाही. पाचटाचं मोल आपल्याला माहीत आहे.)

१९३७ मध्ये त्याच क्वीन्सलँडमधल्या पोमोना गावावरून या जंतूच्या एका प्रकाराला नाव पडलं. हा प्रकार गाईत आणि डुकरांत राहतो. म्हणजे उंदीर एकटा दोषी नाही. न्यूझीलंडमध्ये तर धार काढणाऱ्यांनाच हा ताप इतका यायचा की त्याला 'डेअरी फार्म फीव्हर' म्हणत. १९८० च्या आसपास तिथं गाईंना लस द्यायला सुरुवात झाली आणि माणसांतले रुग्ण झपाट्यानं घटले. लस टोचली गाईला, वाचला धार काढणारा. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता आपल्या गोठ्याचं बघू. गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली, दूध एकदम आटलं आणि कास मऊच राहिली, वासराला ताप येऊन लघवी लाल झाली, तर लेप्टोची शंका घ्या. पण प्रत्येक लाल लघवी लेप्टोची नसते. गोचीड तापात होते, व्यायल्यावर स्फुरद कमी पडलं तरी होते. थेंब थेंब लघवी, कुंथणं, घाण वास असेल तर मूत्राशयाची साधी लागणही असू शकते. म्हणून अंदाजानं इंजेक्शन नको. पशुवैद्यकाकडून रक्त-लघवी तपासून घ्या आणि लसीचंही त्यांनाच विचारा. बरं दिसणारं जनावरसुद्धा कित्येक महिने लघवीतून जंतू टाकत राहतं.

गोठ्यात लघवी साचू देऊ नका, चारी वाहती ठेवा. पेंडीची पोती उंदरांपासून जपा. गाभडलेलं वासरू आणि जार उघड्या हातानं उचलू नका. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच शेण-मूत काढा.

आणि घरातल्या कुणाला जोराचा ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल असं झालं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "आमच्याकडं जनावरं आहेत." लवकर कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड जातं.