दुसऱ्याच्या यंत्रावर आपला हात



आयुष्यभर गिरणीच्या दारात भाषणे केलेला माणूस संगणकाच्या दुरुस्तीसंबंधी काय बोलणार, असे मला एका मित्राने काल विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण नववीवर थांबले आणि संगणकाविषयी जे काही कळते ते ऐकून, वाचून आणि पुष्कळदा चुकून मिळविलेले आहे. पण हा विषय मी शोधावयास गेलो नाही, तो माझ्याकडे चालत आला.

आमच्या गावात तिघा तरुणांनी संगणक दुरुस्तीचा छोटासा धंदा काढला आहे. तिघेही यंत्रमाग कामगारांची मुले. दोन पतसंस्था, काही डॉक्टर, चार सूत व्यापारी आणि आमचे युनियनचे कार्यालय एवढी त्यांची गिऱ्हाइके. दर वेळी मोटारसायकल काढून जाणे परवडत नाही. म्हणून दुकानात बसूनच गिऱ्हाइकाच्या संगणकाचा पडदा पाहता येईल आणि त्याचा माऊस हलविता येईल असे सॉफ्टवेअर त्यांना घ्यावयाचे होते. कोणते घ्यावे यावर तिघांची तीन मते. मी त्यांतल्या एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे, म्हणून वाद माझ्यापुढे आला. मी म्हटले, बाबांनो, मला यातले कळत नाही; पण बैल घेताना आपण त्याची पैदास विचारतो, तशी या वस्तूची आधी विचारू.

ती विचारता विचारता ९ डिसेंबर १९६८ पर्यंत जावे लागले. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने एका परिषदेत आपले संगणकावरील काम दाखविले. माऊस नावाची वस्तू जगाने प्रथम पाहिली ती तेथेच. त्याचा संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे तीस मैलांवर मेन्लो पार्क येथे होता. तेथे बसलेला त्याचा सहकारी आणि तो स्वतः, दोघे एकाच वेळी एकच मजकूर पाहत होते, दोघांचे बाण एकाच पडद्यावर फिरत होते आणि सहकाऱ्याचा चेहराही पडद्याच्या एका भागात दिसत होता. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सहकाऱ्याला बाणाने दाखविता येत होते, पण मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार आपण स्वतःकडे राखला आहे, असे एंगलबार्टने तेथेच थट्टेच्या सुरात सांगून टाकले होते. म्हणजे दूरचा हात आत येऊ द्यावयाचा तो किती, हा प्रश्न या विद्येच्या बारशालाच निघाला होता.

पुढची तीसपस्तीस वर्षे भरभर सांगतो. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत पीसीएनीव्हेअर निघाले. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून एका संगणकावरून दुसरा चालवावयाचा, अशी त्याची रीत. १९९१ मध्ये सिमँटेक कंपनीने ते विकत घेतले. इंग्लंडात केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टीच्या संशोधनशाळेत व्हीएनसी तयार झाले आणि १९९८ मध्ये ते सर्वांना फुकट, आतल्या रचनेसकट, खुले करण्यात आले. ते करणाऱ्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी त्याआधी विद्यापीठातील कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावून, कॉफी उरली आहे की नाही हे जागेवरून पाहण्याची सोय केली होती. आळसातून शोध लागतात हे आमच्या गिरणीतल्या अधिकाऱ्यांना कधी पटले नाही. असो. २००१ च्या विंडोज एक्सपीत मायक्रोसॉफ्टने ही सोय घरातच बसविली.

पण एक अडचण राहिली होती, आणि सगळा पुढचा इतिहास तिच्यातून निघतो. कार्यालयातला संगणक राउटरच्या आड असतो. आतून बाहेर जाता येते, बाहेरून कोणी सरळ आत येऊ शकत नाही. दोन्ही टोकांना असेच असले तर गाठ पडावी कशी? यावर तोड निघाली ती अशी की, दोघांनीही बाहेर जाऊन एका तिसऱ्याच्या सर्व्हरला गाठावे आणि त्याने दोघांची भेट घालून द्यावी. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई तार जोडून देत, तसे. २००३ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेली कंपनी, जिचे पुढे लॉगमीइन असे नाव झाले, जर्मनीतील ग्योपिंगेन येथे २००५ मध्ये निघालेली टीमव्ह्यूअर, स्टुटगार्टची २०१४ मधील एनीडेस्क, या सर्वांचा धंदा या मधल्या जागेवर उभा राहिला. 'नंबर सांगा, मी बघतो' हे वाक्य आता आपल्या गल्लीतही ऐकू येते, ते त्यामुळे.

मधल्या जागेवरचा माणूस आम्हा कामगारांना चांगला ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. कामावर घेणारा तोच आणि काढणारा तोच. त्याच्यावाचून दार उघडत नसे. जॉबर सज्जनही असू शकेल, परंतु दार त्याच्या हाती आहे हे विसरून चालत नसे. २१ जानेवारी २०१४ रोजी लॉगमीइनने आपली फुकट सेवा बंद केली आणि पैसे भरावयास किंवा निघून जावयास लोकांना, पुढच्या वेळी आत आल्यापासून, सात दिवस दिले. कंपनीने कायदा मोडला नाही. पण फुकट सेवेवर ज्यांनी आपले दुकान मांडले होते त्यांची त्या आठवड्यात काय धावपळ झाली असेल ते आमच्या मुलांना मी सांगावे लागले नाही. त्यांतला एकजण फुकटाचाच आग्रह धरून होता. त्याला दुसरीही गोष्ट दाखविली : टीमव्ह्यूअर फुकट आहे ते घरगुती वापरासाठी. धंद्यासाठी ते तसे वापरणे हा करारभंग आहे, आणि संशय आला की कंपनी जोडणी तोडते, मग पलीकडे डॉक्टरांकडे रोगी खोळंबले असोत.

याहून मोठे भय चोरीचे. जानेवारी २०१२ मध्ये सिमँटेकनेच आपल्या ग्राहकांना पीसीएनीव्हेअर तूर्त बंद ठेवा असे कळविले, कारण त्याची २००६ मधील मूळ रचना चोरीस गेल्याचे उघड झाले होते. २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेत सुट्टीचे दिवस सुरू होत असताना, कसेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील छिद्रातून खंडणीखोरांची टोळी आत शिरली. हे सॉफ्टवेअर आमच्या मुलांसारखाच धंदा करणाऱ्या मंडळींचे. थेट फटका बसला तो साठहून कमी ग्राहकांना, पण त्यांच्या हाती ज्यांच्या किल्ल्या होत्या अशा आठशे ते दीड हजार उद्योगांचे संगणक कुलूपबंद झाले. टोळीने सात कोटी डॉलर मागितले. स्वीडनमधील कोप ही ग्राहकांच्या सहकारी संस्थांची दुकाने. त्यांच्या सुमारे आठशे शाखांपैकी बहुतेक बंद ठेवाव्या लागल्या, कारण गल्ल्याची यंत्रे चालेनात. आणि कोप कसेयाची ग्राहक नव्हतीच! गल्ल्याची यंत्रे पुरविणारा ते सॉफ्टवेअर वापरीत होता. पतसंस्थेचा संचालक म्हणून हे वाचले तेव्हा त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

दुसरा मुलगा म्हणाला, मग मधला माणूसच नको. रस्टडेस्कसारखे खुले सॉफ्टवेअर घेऊ आणि सर्व्हर आपणच चालवू. युनियनवाल्याच्या मनाला हे भावणारच. तथापि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये विनापासवर्ड आत शिरण्याजोगी खोट सापडली, तेव्हा कंपनीने आपल्याकडचे सर्व्हर स्वतः दुरुस्त केले आणि ज्यांचे सर्व्हर स्वतःच्या घरी होते त्यांनाच घाईने धावावे लागले. त्याच महिन्यात एनीडेस्कनेही आपल्या यंत्रणेत कोणी शिरले होते असे जाहीर करून संकेतस्थळावरचे पासवर्ड रद्द केले. मी विचारले, दिवाळीत रात्री दोन वाजता खोट जाहीर झाली तर तिघांपैकी जागा कोण राहणार? उत्तर आले नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ही मुले येण्यापूर्वी आमच्या कार्यालयाचे संगणक दुसरा एक जण पाहत असे. एका कारखान्यात आम्ही नुकतीच सभासद नोंदणी केली होती, मालकाला पत्र जावयाचे होते. आमच्या हिशेबनीस बाई नावांची यादी उघडून बसल्या होत्या आणि एकाएकी माऊसचा बाण आपणहून चालू लागला. बाई घाबरून उठल्या. फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, अहो, अपडेट टाकतोय, तुमची परवानगी कायमची घेऊन ठेवली आहे. तोच गृहस्थ त्या कारखान्याचेही संगणक पाहत असे. यादी बाहेर गेली की नाही हे मला आजही सांगता येत नाही, आणि नसताना आळ घेणार नाही. पण त्या दिवसापासून सभासदांच्या तोंडाकडे पाहणे मला अवघड झाले.

म्हणून मुलांना मी किमतीपेक्षा या 'कायमच्या परवानगी'विषयी अधिक बोललो. शेवटी त्यांनी वर्षाच्या वर्गणीचे साधे सॉफ्टवेअर घेतले. गिऱ्हाईक दर वेळी होय म्हणेल तेव्हाच आत जावयाचे, पासवर्डखेरीज फोनवरचा आकडाही लागावयाचा आणि कोण केव्हा आत गेला याची नोंद राहावयाची, असे ठरविले. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे अशा नोंदी १८० दिवस ठेवावयाच्या आणि घुसखोरी झाल्यास सहा तासांत कळवावयाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. कायमची परवानगी फक्त पतसंस्थेच्या सर्व्हरला, तीही संचालक मंडळाच्या लेखी ठरावाने. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला मराठीत छापील चिठ्ठी दिली : आम्ही आपणहून फोन करून नंबर विचारणार नाही. बँकेचे नाव सांगून एनीडेस्क उतरवून घेणाऱ्या भामट्यांविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता.

गेल्या महिन्यात आमचा प्रिंटर अडला. बाईंनी दुकानात फोन केला, पडद्यावर परवानगी विचारणारी चौकट आली. बाईंनी आधी सभासदांची यादी मिटली, हजेरीपट बंद केला, चष्मा पुसून चौकटीतले नाव वाचले आणि मग 'होय' दाबले. पंधरा मिनिटांत प्रिंटर चालू झाला.