दोषसहिष्णू संदेशप्रसारण
दोषसहिष्णू संदेशप्रसारण : संगणकजालातील एखादे केंद्र बिघडले, तरी मार्गांविषयीची ताजी माहिती इतर केंद्रांना पोहोचविण्याची पद्धती. अमेरिकेतील आर्पानेट जालात अशा संदेशांना ० ते ६३ हे क्रमांक चक्राकार दिले जात. नवा क्रमांक दिसताच केंद्र संदेश पुढे धाडी. २७ ऑक्टोबर १९८० रोजी स्मृतिदोषामुळे एकाच केंद्राचे ८, ४० व ४४ क्रमांकांचे संदेश एकदम पसरले. चक्रगणनेत ८ हून ४०, ४० हून ४४ आणि ४४ हून पुन्हा ८ नवा ठरे. त्यामुळे ते अखंड फिरत राहून जाल सुमारे चार तास ठप्प झाले. सदोष केंद्र वगळूनही असे चक्र थांबत नसे. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी शून्यावर न परतणारे विस्तृत क्रमांक व संदेशाला वयोमर्यादा सुचविली. दोष दूर होताच जालाने स्वतः सावरावे, हे त्यामागील तत्त्व होय.