ढेकूण, डीडीटी आणि घेवड्याची पाने

पंचतंत्रात एका राजाच्या पलंगाची गोष्ट आहे. पलंगावरच्या शुभ्र चादरीत मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असे. राजा गाढ झोपला की ती अलगद रक्त पिई आणि राजाला पत्ताही लागत नसे. एके रात्री तिथे एक मत्कुण, म्हणजे ढेकूण, पाहुणा म्हणून आला. त्याला धीर धरवेना. राजा जागा असतानाच तो कडकडून चावला. राजा ओरडत उठला, सेवक धावले, चादर झटकून पाहिली. तोवर ढेकूण पलंगाच्या फटीत शिरला होता. सापडली ती ऊ, आणि मारली गेली तीही तीच.

अनोळखी पाहुण्याला थारा देऊ नये, हा गोष्टीचा बोध. आम्हाला मात्र तिच्यातले निरीक्षण मोलाचे वाटते. ऊ माणसाच्या अंगावर आणि कपड्यात राहते. ढेकूण माणसाजवळ राहतो, पण माणसावर राहत नाही. त्याचे घर फटीत असते. पाच-दहा मिनिटे रक्त प्यायचे आणि परत फटीत जायचे, हा त्याचा दिनक्रम. गोष्ट रचणाऱ्याने खाटेकडे नीट पाहिले होते. सेवकांनी मात्र चादर शोधली आणि फट शोधली नाही. ढेकणांविरुद्ध माणसाने पुढे केलेले बरेचसे उपाय याच चुकीने फसले.

हे भांडण जुने आहे. इजिप्तमध्ये अमार्ना येथील कामगारांच्या वस्तीत सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या थरांत ढेकणांचे अवशेष सापडले आहेत. आपल्याकडे तर एका सुभाषितकाराने विष्णू क्षीरसागरात आणि शंकर हिमालयात झोपतो याचे कारणच ढेकणांची भीती हे दिले आहे!

आम्ही विद्यार्थी असताना वसतिगृहात रविवार हा ढेकणांचा वार होता. खाटा अंगणात काढायच्या, आपटायच्या, सांध्यांत पिचकारीने रॉकेल मारायचे आणि दिवसभर उन्हात ठेवायच्या. दोन-चार रात्री सुखाची झोप लागे. पंधरवड्याच्या आत पुन्हा तेच. दोष आम्ही शेजारच्या खोलीला देत असू. (शेजारची खोली आम्हाला देई.) खरे कारण अंड्यांत होते. ढेकणाची मादी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढुरकी अंडी फटीत चिकटवून ठेवते. रॉकेलने मोठे ढेकूण मरत, पण सगळ्या अंड्यांपर्यंत ते पोचत नसे. आपल्याकडच्या हवेत आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेले पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठे होते आणि प्रत्येक कातेपूर्वी त्याला पोटभर रक्त लागते. रक्त मिळाले नाही तर कित्येक आठवडे, थंड हवेत कित्येक महिनेही, ते वाट पाहू शकते. खोली सुटीत बंद ठेवली म्हणून ढेकूण उपाशी मरत नाहीत ते यामुळेच.

या उपद्रवाचा धंदा करणारा एक माणूस इतिहासात प्रसिद्ध आहे. जॉन साउदॉल याने १७३० साली लंडनमध्ये ढेकणांवर एक छोटे पुस्तक छापले आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष हॅन्स स्लोन यांना अर्पण केले. जमैकात एका मुक्त झालेल्या वृद्ध आफ्रिकी गुलामाकडून आपल्याला ढेकणांवरचे औषध मिळाले, असे त्याने लिहिले आहे. औषधाची कृती त्याने शेवटपर्यंत गुप्त ठेवली. बाटल्या मात्र विकल्या. पुस्तकाचे आजचे मोल औषधासाठी नाही, निरीक्षणांसाठी आहे. ढेकूण पाळून, त्यांची अंडी पाहून त्याने त्यांचा जीवनक्रम लिहून काढला. पलंग साधा, नक्षी नसलेला आणि सुटा करता येईल असा असावा, हा त्याचा सल्ला आजही चुकीचा नाही. एकोणिसाव्या शतकात लोखंडी खाटा आल्या आणि लाकडी फटी कमी झाल्या, तेव्हा तो सल्ला आपोआप अमलात आला.

विषांची चढाओढ मात्र वाढतच गेली. पारा, गंधकाचा धूर, टर्पेंटाइन असे सगळे होऊन गेले. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये झोपडवस्त्या पाडून लोकांना नव्या घरांत नेताना त्यांचे सामान बंद गाड्यांत भरून हायड्रोजन सायनाइड या जहाल वायूची धुरी दिली जाई. नव्या घरात जुने ढेकूण जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप!

आपल्याकडे ढेकूण काही काळ आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा होता. १९०३ साली लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या परजीवींचे वर्णन केले. हा परजीवी एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोण नेतो? लिओनार्ड रॉजर्स यांनी ढेकणाकडे बोट दाखवले. मद्रासला पॅटन यांनी १९०७ च्या सुमारास ढेकणाच्या पोटात तो परजीवी वाढताना पाहिला. पुरावा भक्कम वाटला. पण कीटकाच्या पोटात परजीवी वाढणे वेगळे आणि चाव्यातून तो दुसऱ्याला देणे वेगळे. अखेर १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी वाळूमाशीच्या चाव्याने काळा आजार होतो हे सिद्ध केले. या वेळी ढेकूणच पंचतंत्रातल्या ऊच्या जागी होता. ढेकणाच्या चाव्याने खाज येते, गांधी उठतात, झोप जाते, आणि हा त्रास कमी लेखू नये; पण माणसांत एखादा रोग तो पसरवतो हे आजवर सिद्ध झालेले नाही.

डीडीटी आपल्या घरांत आले ते ढेकणांसाठी नाही, मलेरियासाठी. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांना या रसायनाचा कीटकनाशक गुण सापडला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ साली कारवार (उत्तर कन्नड) आणि धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि फवारणीचे पंप देशभर फिरू लागले. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली.

डास कमी झाले हे सामान्य माणसाला पटकन दिसत नाही. ढेकूण मेले हे मात्र दुसऱ्याच दिवशी केरात दिसते. फवारणीवाल्यांचे खेड्यापाड्यांत स्वागत झाले, त्यात ढेकणांच्या मरणाचा वाटा मोठा होता. आणि इथेच पुढच्या अडचणीचे बीज होते. हवाईतील पर्ल हार्बर येथील सैनिकी बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ मध्येच आढळले होते. भारतातही ते दिसू लागले. त्यातून डीडीटीचा स्पर्श कीटकांना अस्वस्थ करतो. न मरणारे ढेकूण फवारणीनंतर फटींतून बाहेर पडून अधिकच सुळसुळू लागले. ‘तुमच्या औषधाने ढेकूण वाढतात,’ असे म्हणून लोक दार लावू लागले, किंवा फवारलेल्या भिंतीवर शेणामातीचे लिंपण देऊ लागले. मलेरिया परतला (१९७६ साली ६४ लाख रुग्ण) त्याला इतर अनेक कारणे होती. सारा दोष ढेकणावर टाकणे म्हणजे पुन्हा ऊ मारणे होईल. पण ज्या भिंतीवर डास बसायचा ती भिंत काही घरांत विनाफवारणीची राहिली, ती ढेकणामुळे.

‘ढेकणांना औषधाची सवय झाली,’ असे आपण सहज म्हणतो. वर्गात मुलेही असेच उत्तर लिहितात. शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. एकाही ढेकणाला सवय झालेली नसते. डीडीटी कीटकाच्या चेतातंतूंवर काम करते. त्या तंतूंत सोडियमच्या आयनांना वाट देणारी दारे असतात. डीडीटी ती उघडीच धरून ठेवते, तंतू सतत संदेश देत राहतो, कीटक थरथरत मरतो. लाखो ढेकणांत मोजक्यांची ही दारे जन्मतःच किंचित वेगळ्या घडणीची असतात. औषध बाकीच्यांना मारते, हे उरतात आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच होतात. औषध प्रतिकार निर्माण करत नाही, चाळणीसारखे निवडते.

पुढची गंमत अशी की १९७० नंतर आलेली पायरेथ्रॉइड गटातील कृत्रिम कीटकनाशके याच दारांवर काम करतात. म्हणजे डीडीटीने निवडलेल्या ढेकणांना नव्या औषधाची चिलखते आयतीच मिळाली. २००८ साली अमेरिकन संशोधकांनी न्यूयॉर्कच्या ढेकणांत या दाराच्या प्रथिनात दोन बदल शोधले. ते ढेकूण डेल्टामेथ्रिनला प्रयोगशाळेतील साध्या ढेकणांच्या २६४ पट प्रतिकारक होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून श्रीमंत देशांत ढेकूण परतले आहेत, त्यामागे प्रवास, जुन्या सामानाची देवघेव आणि हे चिलखत अशी सारीच कारणे आहेत.

औषध चालेनासे झाले की माणूस अधिक जहाल औषध शोधतो. आपल्याकडे यातून माणसे दगावली आहेत. धान्याच्या कोठारासाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण घरात ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि तो फटीतून शेजाऱ्याच्या खोलीतही जातो. झोपेत लहान मुले गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. या गोळ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत. तरी त्या सुट्या विकल्या जातात. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरीही त्या असू शकतील, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

जहाल विषाशिवायचे जुने उपाय हास्यास्पद नव्हते. बाल्कन देशांत घेवड्याची पाने रात्री जमिनीवर पसरत आणि सकाळी त्यांत अडकलेल्या ढेकणांसह जाळून टाकत. १९४३ साली अमेरिकेत याची तपासणी झाली आणि पानांवरचे बारीक, आकडेदार केस ढेकणांना अडकवतात असे दिसले. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर केसांची टोके ढेकणाच्या पायात चक्क आरपार घुसत होती. त्यांनी तसेच कृत्रिम केस बनवले. ते ढेकणाला अडखळवत, पण धरून ठेवू शकले नाहीत. श्रावणघेवड्याचे पान शर्टावर दाबून पाहा, मग भिंगाखाली धरा. मुलांना हा प्रयोग आवडतो.

उष्णतेचे आकडेही आता हाती आहेत. मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगांत (२०११) ४५ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण सुमारे दीड तासात मेले, पण अंड्यांना सात तास लागले. ४८ अंशाला अंडी सुमारे सव्वा तासात मेली. वसतिगृहातले आमचे ऊन कुठे कमी पडत होते ते आता कळते. खाटेचा पृष्ठभाग तापे, सांध्याच्या आत तेवढे तापमान पोचत नसे, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकत. पाश्चात्त्य देशांत खाटेच्या पायांखाली गुळगुळीत कडांच्या थाळ्या ठेवतात. त्या तिथल्या जातीच्या ढेकणांसाठी आहेत. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातील जातीच्या पायांना अधिक चिकट केस असतात आणि ती गुळगुळीत भिंतही बऱ्यापैकी चढते, असे २०१७ साली दिसून आले. तेव्हा त्या थाळ्यांवर फार विसंबू नये. चादरी, अभ्रे कढत पाण्यात उकळावेत, खाट सुटी करावी, उकळते पाणी किटलीने थेट सांध्यांत आणि फटींत ओतावे, भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. शेजारच्या खोलीनेही त्याच दिवशी हेच करावे. आणि दहा दिवसांनी, एकही ढेकूण दिसत नसला तरी, सगळे पुन्हा एकदा करावे.