सरस, सांधा आणि आपली सुतारकी

सुतारकीचा इतिहास सांगताना वाकस, करवत आणि रंधा यांचा गौरव होतो; सरसाच्या भांड्याचे नाव मात्र क्वचितच निघते. वस्तुतः झाडाच्या घेराहून रुंद फळा हवा असेल, तर अरुंद फळ्या जोडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून या उपेक्षित विद्येचा इतिहास आमच्या ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या फार प्राचीन आहे. इजिप्तमधील थीब्ज येथे रेखमिरे या प्रधानाच्या थडग्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे आहेत. त्यांत सुतारांबरोबर सरसाचे भांडेही रंगविलेले आहे. आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातील एका लेपास गाई-म्हशींची कातडी लागे. तो लेप मंदिरे व मूर्ती यांसाठी सांगितला असला, तरी सुताराचा सरसही कातडी व हाडे यांपासूनच होतो.

सरस पाण्यात भिजवून, पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून मंद आचेवर तापवावा लागे. तो उकळला की त्याचे बळ जाई. निवला की सांधा नीट बसत नसे. म्हणून कारागीर आधी रंध्याने फळ्यांच्या कडा साधून घेई आणि त्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरी. मधून प्रकाश दिसला नाही, तरच सरस लावून शिकंज्यात कसी.

परंतु खरे शहाणपण सरस कोठे लावू नये हे जाणण्यात होते. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून जोडलेला दिल्हा चौकटीच्या खाचेत सरसावाचून मोकळा बसवीत. तो चिकटवून जखडला, तर उन्हाळ्यात त्यास चीर पडण्याचे भय असते.

घासण्याच्या साधनांतही पालट झाला. लंडनच्या जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये काचकागदाचा धंदा आरंभिला. तथापि रेषेच्या दिशेने घासावे आणि जाड कागदाकडून बारीक कागदाकडे जावे, हा नियम आजही अबाधित आहे.

१९५९ मध्ये मुंबईत 'फेव्हिकॉल' निघाले आणि सरसाची चूल हळूहळू विझली. श्रम वाचले, दुर्गंधी गेली, हा लाभ मोठाच होय. मात्र सरसाचा सांधा ऊब व ओल देऊन उकलता येई, आणि आजोबांची पेटी नातवास दुरुस्त करता येई. नव्या सांध्यात ती सोय उरली नाही. तेथे चूक झाल्यास सांधा उकलणे बरेच कठीण जाते. म्हणूनच कडा साधण्याची आणि दिल्हा मोकळा ठेवण्याची जुनी शिस्त आज अधिकच आवश्यक झाली आहे.

घरी स्वहस्ते कपाट करू इच्छिणाऱ्या आमच्या तरुणांनी चिकटद्रव्याची बाटली उघडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या कारागिरांपाशी घटकाभर बसावे. ते ज्ञान बाटलीतून मिळत नाही, आणि ते सांगणारे हात आता थोडेच उरले आहेत.